दमणी घ्यायची की रेंगी

जिनिंग फॅक्टरीवाल्या घरात किस्से साठतात ते रुईच्या तंतूंसारखे. सकाळी आढ्यावरून झाडू फिरवावा आणि संध्याकाळी वर पाहावं, तर पुन्हा सगळं पांढरं. पांढरकवड्याच्या या घरात मी वैशाखात लग्न होऊन आले. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे माझ्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही. हे सगळे किस्से एकाच मोटारीचे आहेत. ती येण्याआधी या घरात कुणाला कशाचा धक्का बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. नंतर मात्र आम्हाला त्याची सवयच झाली.

*

सुरुवात मामंजींनी केली. मामंजी म्हणजे माझे सासरे. छत्रीची काडी मोडली तर सुतळीनं बांधून तीच छत्री पुढची चार वर्षं वापरणारा माणूस. ते नागपूरहून आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि वरणभात कालवता कालवता म्हणाले, "मी मोटार घेऊन राह्यलो."

आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातातली तुपाची वाटी हवेतच राहिली.

नागपूरकडच्या एका राजेसाहेबांकडे दोन विलायती गाड्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या, शर्यतीत धावणाऱ्या. एकीचा टप पत्र्याचा आणि कायमचा. दुसरीचा कापडी, काढून मागे टाकता येणारा. कंपनीनं अशा गाड्या मोजक्याच केल्या आणि मग बंद केल्या. शौकीन लोक त्या शोधत फिरतात म्हणे. संस्थान गेल्यापासून राजेसाहेबांना दोन्ही सांभाळणं जड जात होतं. एक ते स्वतःला ठेवणार, एक मामंजींना देणार. कोणती, ते मामंजींनी सांगायचं.

"किती मानसं बसतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोन."

"दोन? आपन घरात नऊ."

"म्हनूनच तं," मामंजी म्हणाले. "मोठी घेतली अस्ती तं अर्धं पांढरकवडा वरातीले मांगाले आलं अस्तं."

*

राजेसाहेबांनी दोन शब्द सांगितले होते, कूपे आणि कन्व्हर्टिबल. ते आमच्या अंगणात एक दिवसही टिकले नाहीत. आमच्याकडे बसायच्या बैलगाड्या दोन. दमणीवर छप्पर असतं, तिच्यात बायका बसतात. रेंगी उघडी आणि हलकी, तिच्यात पुरुष बसतात आणि बैल पळवतात. आत्याबाईंनी निकाल दिला. टपाची ती दमणी, उघडी ती रेंगी. या घरातली बाई आजवर रेंगीत बसली नाही आणि इंजिन लावलं म्हणून बसणार नाही.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रेंगीच हवी होती. "टपाखालीच बसाचं तं घर काय वाईट हाये?" असं म्हणाले, आणि त्याच दमात मला म्हणाले, "दिवाळीले तुले याच गाडीनं पुसदले नेतो. माह्या बाजूले बसून."

पुसदला माझं माहेर. लग्नानंतरची पहिली दिवाळी. यांच्या बाजूला बसून, गावातून, दिवसाउजेडी. मी तिकडे तसं कळवूनही टाकलं होतं. पण रेंगी आली तर यांच्या बाजूची जागा असेल आणि तिच्यात मी नसेन, हे यांच्या ध्यानातच येत नव्हतं. मी तेवढं सांगितलं.

"आईले मी समजावतो," हे म्हणाले.

भाजीत तिखट कमी घाल, एवढंही ज्यांना आजवर आईला समजावता आलं नाही, ते हे. त्या क्षणापासून मी गुपचूप दमणीच्या बाजूची झाले.

*

दसऱ्यानंतर राजेसाहेब दोन्ही गाड्या घेऊन आले. उघडी स्वतः चालवत, टपाची त्यांचा ड्रायव्हर चालवत. फॅक्टरीच्या आवारात सगळे जमले. आत्याबाई सरळ टपाच्या गाडीकडे गेल्या आणि तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. दमणीत बायका मागूनच चढतात.

"उघड बाबू," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

त्या बिचाऱ्यानं डिकी उघडली. आत्याबाईंनी वाकून आत पाहिलं, हातानं लांबी मापली आणि खूश होऊन माझ्याकडे वळल्या. "चांगली जागा हाये. एक बाई मांडी घालून बसन. सूनबाई, बसून पाय बरं."

लग्न होऊन सहा महिने झालेली सून सासूला नाही म्हणत नाही. मी बसले. मांडी घालून, डोक्यावरचा पदर सावरून, जॅकशेजारी. तेवढ्यात राजेसाहेब गाडीला वळसा घालून मागे आले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी आजवर पुष्कळ राण्या पाहिल्या असतील, पण डिकीतली सून पाहिली नसावी. त्यांनी काय करावं ते न सुचून मला नमस्कार केला.

"वहिनीसाहेब," मग ते आत्याबाईंना हळूच म्हणाले, "बाईमाणूस इथे नाही बसत. पुढे बसतं."

"पुढं? गाडीवानाच्या बाजूले?" आत्याबाईंचा हात तोंडावर गेला. "राजेहो, तुमच्या घरी कोनी मोठं मानूस नाई काय?"

*

जेवण होईपर्यंत उघडी गाडी जिनाच्या दारासमोर उभी होती. जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र, चालू होतं आणि रुई उडत होती. तिथे तासभर माणूस उभा राहिला तर त्याच्या भुवया पांढऱ्या होतात, आणि ही तर वरून पूर्ण उघडी. आम्ही बाहेर आलो तेव्हा गाडीत रुई काठोकाठ. स्टिअरिंगचं वरचं टोक तेवढं दिसत होतं.

मामंजींनी आत हात घालून दाबून पाहिलं. "बसाले मऊ झाली," ते म्हणाले.

माझ्या मनात आलं, बरं झालं. आता कोण ही घेतंय.

*

ती आमच्याकडेच आली, आणि तीही कुणी मागितली नसताना.

मामंजींनी आयुष्यात विकत घेतलेली मोठी जिवंत वस्तू म्हणजे बैल, आणि मोटार त्यांच्या हिशेबी त्यातच मोडत होती. त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली, पुठ्ठ्यावर थाप मारली, चाकांपाशी बसून पाय पाहिले. मग राजेसाहेबांचा उजवा हात धरला आणि त्यावर आपलं उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव असाच होतो. रुमालाखाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, तोंडानं काही बोलायचं नाही, आणि समोरच्यानं पूर्ण पंजा आवळला की सौदा पटला. ज्या जनावराचा सौदा, त्याच्या अंगावर घेणाऱ्याचा डावा हात.

राजेसाहेबांना यातलं काय माहीत? त्यांना वाटलं, निरोप द्यायची ही वऱ्हाडातली रीत असावी. मामंजींनी दोन बोटं दाबली. राजेसाहेब भारावले. त्यांनी मामंजींचा अख्खा पंजा दोन्ही हातांनी घट्ट आवळला, वर हलवलाही.

मामंजींनी दाबलेला भाव हा घासाघीस सुरू करण्याचा भाव होता. आता घाम त्यांना फुटला. इतक्या स्वस्तात त्यांना उभ्या आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं.

आणि त्यांचा डावा हात? गुडघा दुखतो म्हणून त्यांनी तो आधाराला टेकला होता. उघड्या गाडीच्या दारावर.

"बाबूजी, आपल्याले दमणी पाह्यजे होती ना?" यांनी विचारलं. आवाजातला आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"हात रेंगीवर होता," मामंजी म्हणाले. "चार लोकायनं पाह्यला. आता बदलाचा नसते."

राजेसाहेबांना सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी उपरणं उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "संस्थानही असंच गेलं आमचं." आणि टपाच्या गाडीत बसून निघून गेले.

*

आता मला एकच आशा. उघड्या गाडीचा कापडी टप. मी सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून सासूबाईंसमोर तोंड उघडलं. "आत्याबाई, टप लावला की ही दमणीच झाली ना?"

त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले. गाडीभोवती फिरल्या, टप लावून घेतला, बाहेरून आतलं किती दिसतं ते पाहिलं. मग म्हणाल्या, "झाकलं तं झाकलं. जाय पुसदले."

मी त्या दिवशी पेटी भरली.

आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. सरकीचा ढीग उघड्यावर होता आणि ताडपत्र्या अपुऱ्या पडत होत्या. मामंजींनी गाडीचा टप सोडवला आणि सरकीवर टाकला. सरकी वाचली. पाऊस थांबल्यावर दमणीच्या बैलांना सरकीचा वास आला. कापड आणि सरकी यांत बैल फारसा फरक करत नाहीत. टपातला उरलेला तुकडा आत्याबाईंनी उचलून पाहिला. त्यात पोळीसुद्धा गुंडाळता आली नसती.

"मंग आता दमणीनंच जा," मामंजी मला म्हणाले. आवाज खाली गेलेला. "बैल जोडून देतो. तिसऱ्या दिवशी पोचसान."

*

निघायचा दिवस उजाडला. हे हट्टाला पेटले होते. त्यांनी माझी पेटी गाडीत ठेवली, गाडी फाटकाशी आणली आणि आईकडे न बघता म्हणाले, "मी हिले याच गाडीत घेऊन चाललो."

असं वाक्य या घरात यापूर्वी बोललं गेलं नव्हतं.

आत्याबाई हळूहळू पायऱ्या उतरल्या. "थांब," त्या म्हणाल्या. "आधी मी बसून पायतो. बजारातून एक चक्कर मार. लोकं काय म्हनतात थे माह्या कानानं आयकतो, मंग सांगतो."

नऊवारी सावरत, डोक्यावर पदर घेऊन त्या पुढे बसल्या. गाडी गेली. आम्ही फाटकाशी उभे. एका चक्करीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. मामंजींनी दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. शेवटी केळापूरच्या बाजूनं धूळ दिसली. बाजार तिकडे नाहीच.

गाडी येऊन थांबली. आत्याबाईंचा पदर खांद्यावर होता, अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते, कुंकू कपाळभर पसरलं होतं. मी त्यांचे केस पहिल्यांदाच पाहिले. त्या उतरल्या नाहीत.

"काय म्हने बजार?" मामंजींनी विचारलं.

"वाऱ्यात काही आयकू नाई आलं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले.

"सूनबाई, तुह्या मायचं घर पुसदले कोन्या बाजूले?"

"शाळेच्या मागं," मी म्हणाले.

"बरं." त्या नीट सरकून बसल्या, दार लावून घेतलं आणि यांना म्हणाल्या, "चाल."