मामांच्या वाटेला जाताना

दारात येऊ पाहणाऱ्या माणसाला दारापर्यंत येऊ न देता, आणि तरीही आपला मोठा पाहुणचार झाला अशा समाधानात परत पाठवणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी अनुभवाने सांगतो. लग्नानंतर पहिल्यांदा एकटा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला ओळखलं नव्हतं. वाटेच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली आम्ही चहा प्यायलो, धानाविषयी बोललो, आणि मी अतिशय प्रसन्न मनाने तुमसरला परत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण त्यांचं घर पाहिलंच नाही.

मामा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी 'पुढं सरका, मधात जागा हाय' म्हणत माणसं आत घेण्यात गेली, म्हणूनच की काय, निवृत्त झाल्यावर त्यांना ती बाहेर ठेवावीशी वाटू लागली. सिहोऱ्याच्या अलीकडे डांबरी सडक सोडली की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, त्यांच्या घराकडे मुरमाची वाट जाते. मुरूम मामांनी स्वतः पसरवला, कडेने जास्वंदी लावल्या, आणि वाट इतकी देखणी करून ठेवली की ज्याला कुठेच जायचं नसे त्यालाही तिच्यावर गाडी घालण्याचा मोह व्हावा. शिवाय घरामागे बोडी, म्हणजे छोटा तलाव, आणि त्यात कमळं. त्यामुळे फोटो काढणारी जोडपी यायची, शेताचे प्लॉट पाडू पाहणारे दलाल यायचे, खतवाले, विमावाले, सोलर पंपवाले यायचे, आणि ज्यांना नुसती गाडी वळवायची असे ते थेट मामींच्या तुळशीला वळसा घालून वळवायचे.

मामांनी आधी पाटी लावून पाहिली. 'कुत्र्यापासून सावध राहा' असं लिहिलं. कुत्रा नव्हता. एक विमावाला आत आला आणि कुत्रा कोणत्या जातीचा आहे हे विचारत तासभर बसला. मग 'पुढे रस्ता बंद आहे' अशी पाटी लागली, तर तो खरंच बंद आहे का हे बघायला लोक शेवटपर्यंत येऊ लागले. तेव्हा मामांनी पाटी उपटून चुलीत घातली. मला म्हणाले, "जवाईबापू, पाटी वाचाले माणूस थांबते. अन् थांबला माणूस म्हणजे आलाच समजा."

त्यानंतर त्यांना जे सुचलं त्यापुढे मी आजही हात जोडतो. मोहाखाली खाट टाकून ते तणसाचा दोर वळायला बसू लागले. तणीस म्हणजे धानाचा पेंढा. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने बसून तणीस लावत जायचं, दुसऱ्याने टोकाला काडी अडकवून पीळ द्यायचा, आणि दोर वाढेल तसतसं मागे सरकायचं. आलेल्या माणसाच्या हाती मामा मोठ्या अगत्याने काडी देत. "धरा जरा. तुमचं बोलणं चालू द्या, मी आयकून राहिलो." काळा चष्मा लावलेला एक दलाल या शेताचं कसं सोनं होईल ते समजावत, पीळ देत, पाऊल पाऊल मागे सरकत गेला, आणि पाठ त्याच्याच गाडीला टेकली तेव्हा थांबला. मामा उठून तिथवर गेले, काडी परत घेतली आणि म्हणाले, "बस, एवढाच पाहिजे होता. लय उपकार झाले." दलाल संकोचून 'त्यात काय एवढं' म्हणाला आणि गाडीत बसला.

मग मामींना लकवा झाला. मामी मूळच्या बोलक्या. मामांना चुकवून जो घरापर्यंत पोचे त्याच्याशी त्या कुंपणावरून गप्पा मारत. आता उजवा हात लुळा पडला, तोंड किंचित वाकडं झालं आणि शब्द जागा सोडून गेले. मीठ म्हणायचं तर कंदील म्हणत. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला सगळं गाव येतं, तसं आलं. एक बाई तर मामींच्या पायाशी बसून, त्या तिथे नाहीतच अशा थाटात, याच दुखण्याने कोण कोण गेलं ते सांगू लागली. मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बोलायचा प्रयत्नच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खाटेसह वाटेच्या तोंडाशी हजर. पण आता येणारे आपलेच लोक होते, त्यांच्या हाती काडी कशी देणार? मामा प्रत्येकाला चहा पाजत, केळी ठेवून घेत, 'निरोप काय सांगू' असं विचारत आणि तिथूनच वळवत. सोयरेधायरे नाराज झाले. मामाला गर्व चढला, असं बोललं जाऊ लागलं.

त्यातच मी माझ्या सासूबाईंना, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीला, भंडाऱ्याहून घेऊन गेलो. मामांनी त्यांनाही खाटेवर बसवलं.

"काहून अडवून राहिला?" सासूबाई म्हणाल्या. "मी परकी झाली का?"

"परकी नाही बाई."

"मंग मले तिचं तोंड तं पाहू दे."

"तेच तं नाही पाहू द्याचं," मामा खाली बघत म्हणाले. "जो येते तो तिच्या तोंडाकडे पाहते. ते काय म्हणून राहिली ते कोणी आयकत नाही. तिनं बोलावलं का मीच येतो तुले घ्याले."

सासूबाईंनी चहाला हात लावला नाही. परतताना तुमसर मागे पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "भावानं मले सडकेवरून वापस केलं."

औषधं पोचवायला म्हणून मला मात्र घरात प्रवेश होता. एकदा मामी खाटेवरून म्हणाल्या, "छत्री दे." मामा उठले, चहा टाकला. चहाचा कप एका हातात आणि माळ्यावरची छत्री दुसऱ्या हातात घेऊन समोर उभे राहिले, आणि गंभीरपणे म्हणाले, "कोणती छत्री पाहिजे ते घे." मामी बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुखण्यानंतरचं त्यांचं ते पहिलं हसू होतं, आणि त्यात वाकडं काही नव्हतं.

धान कापून झाल्यावर एके दिवशी मामा बसने भंडाऱ्याला आले आणि सासूबाईंच्या दारात उभे राहिले. "चाल बाई. तिनं बोलावलं." सासूबाईंनी त्यांना आत या म्हटलं नाही. सावकाश लुगडं बदललं, पिशवी भरली, देवाला हात जोडले. तेवढा वेळ मामा मुकाट्याने बाहेर उन्हात उभे होते. त्या दिवशी मी तिथेच होतो; माझ्या गाडीने जाताना मामांनी बहिणीला छत्रीचं सगळं सांगितलं.

मामी काठी टेकत उंबरठ्यापर्यंत आल्या होत्या. नणंदेला बघून त्यांनी शब्द गोळा केले आणि म्हणाल्या, "या बाई. बसा. छत्री मांडते."

"मांड," सासूबाई म्हणाल्या. "साखर कमी टाक."

आता मामी बऱ्याच सावरल्या आहेत. मामा थकलेत, गुडघे धरतात. मागच्या महिन्यात आम्ही निघालो तेव्हा ते सडकेपर्यंत पोचवायला आले आणि गाडीच्या खिडकीला हात लावून, 'आणखी एक दिवस राहिले असते' असं म्हणत उभे राहिले. तेवढ्यात घराकडून मामींची हाक आली. त्यांनी मामांना नावाने हाक मारली. जन्मभर त्यांनी नवऱ्याला 'अवो, आयकलं का' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. ते 'अवो' दुखण्यात कुठे हरवलं कोण जाणे, पण नाव तेवढं स्वच्छ, सरळ उमटतं. मामा लाजले. "आता लोकाईसमोर नाव घेते," असं पुटपुटले, आणि आमचा निरोप घ्यायचा विसरून, गुडघा धरत, जमेल तितक्या घाईने घराकडे निघाले.