एक रेघ, सही आणि तारीख

आपली चूक इतक्या थाटात मिरवणारा माणूस मी आमच्या मॉनिटरसाहेबांखेरीज दुसरा पाहिला नाही. हडपसरला आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, त्यातल्याच एकीत आमचं ऑफिस. नव्या औषधांच्या चाचण्या ज्या हॉस्पिटलांत चालतात तिथे जाऊन नोंदी खऱ्या आहेत ना, हे तपासायचं आम्हा मॉनिटर लोकांचं काम, आणि ते मला साहेबांनीच शिकवलं. व्हाइटनर दिसला की त्यांचं डोकं फिरे. चुकलेल्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करून तारीख घालायची. खालचं वाचता आलंच पाहिजे! ही शिस्त विश्रांतवाडीच्या घरातही चाले. मुलीच्या लग्नपत्रिकेत व्याह्यांचं नाव चुकीचं छापलं गेलं, तर या गृहस्थांनी गठ्ठेच्या गठ्ठे मांडीवर घेऊन प्रत्येक पत्रिकेवर रेघ, सही, तारीख केली. लग्न आहे की पंचनामा, असं व्याह्यांनी विचारलं म्हणे. वहिनींनी अबोला धरला. साहेबांना मात्र काय बिघडलं तेच कळेना.

मग कंपनी परदेशी लोकांनी विकत घेतली आणि फर्मान निघालं की मॉनिटरची सर्टिफिकेट परीक्षा पास होतील तेच राहतील. तोवर अनुभवावर भागत होतं. साहेब पन्नाशीत अभ्यासाला बसले. डबा खाताना आम्हा पोरांना प्रश्न विचारायचे, अडलं की समजावून द्यायचे, त्यामुळे आम्ही सगळे पास झालो. साहेबांचा पेपर रद्द झाला. एक उत्तर बदलताना त्यांचा हात सवयीने चालला होता. रेघ मारली, सही केली, तारीख घातली. आणि उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी कुठलीही खूण करायची नाही, असा नियम होता. मला रडूच आलं. परीक्षा घेणाऱ्यांना कळवा, विनंती करा, म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, "अगं, सूचना पहिल्याच पानावर होती. तपासायला मी असतो तर मीही हेच केलं असतं."

नोकरी गेली. परीक्षेला पुन्हा बसायचं तर हातात नोकरी हवी, अशी अट होती, म्हणजे तेही संपलं. ते तपासायचे ते हॉस्पिटल माझ्याकडे आलं. तिथे चाचणीतल्या पेशंटांत मांजरी गावच्या एक आजी होत्या. मी गेले की विचारायच्या, "ते चष्म्यावालं सायेब बरं हाय ना?"

एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाले, "मांजरीच्या आजी कशा आहेत गं?"

आजी चांगल्या ठणठणीत होत्या. अगदी ओठांवर आलं होतं. पण पेशंटची गोष्ट कंपनीबाहेरच्या माणसाला सांगायची नाही, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. "सर," मी म्हटलं, "ते आता तुम्हाला सांगता यायचं नाही."



"बरोबर," ते म्हणाले. "चांगली तयार झालीस."

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही, आणि माझ्याच्यानेही ठेववेना.