अखाजीचा झोका

सुरतेहून निघालेली भुसावळ पॅसेंजर नंदुरबारपर्यंत रमतगमत येते आणि पुढे तर चालायचंच विसरते. इंजिनातल्या कोळशाची कणी डोळ्यात घेऊन मी खिडकीशी बसलो होतो. अखाजी (अक्षय्यतृतीया) आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठी. सासरच्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. पुरुषमंडळी उघड्यावर पत्ते कुटतात. गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते, तीही मुलानेच. माझे वडील, बापू, पौषात गेले. त्यांना माझ्याशिवाय मूल नाही. ती घागर मला भरायची होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी जन्मलो मुलगी म्हणून, पण कळायला लागल्यापासून स्वतःला मुलगाच समजत आलो. सुरतेच्या गिरणीत मी दिनकर, गावात अजून सुमनच. केस कापून घरातून पळालो, त्यानंतरची ही पहिली खेप.

दोंडाईच्याला एक माहेरवाशीण फलाटावरून ओरडली, "भाऊ, इतलं गाठोडं वर ले ना!" गाठोडं घेतलं, मग तिचं मूलही माझ्या मांडीवर आलं. "अखाजीले घर चालना का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. अमळनेर येईपर्यंत तिने मला दहादा तरी भाऊ म्हटलं, आणि मला उतरावंसं वाटेना.

अमळनेरच्या एसटी स्टँडवर सगळा तालुका लोटला होता. बस आली तशी भरून गेली. मी टपावरच्या बोचक्यांइतकाच हलत, दारात लोंबकळत गेलो. फाट्यापासून पुढे पायवाट. बोरी नदी कोरडी पडलेली. बाया वाळूत झिरा (पाण्यासाठी खणलेला खड्डा) खणून वाटीवाटीने पाणी काढत होत्या. एकीने मला ओळखलं. तिने बाकीच्यांना खुणावलं, आणि सगळ्यांच्या वाट्या थांबल्या.

आई ओट्यावर सांजोऱ्या भरत होती. माझा शर्ट-पायजमा तिने वरपासून खालपर्यंत पाहिला आणि उठून माझा हात धरला. दुःखाचं वर्ष, तरी दारातल्या लिंबाला नवा दोर टांगलेला होता.

"तुनाकरता झोका बांधेल शे. बस," ती म्हणाली.

शेजारणींची बोलणी खाऊन तिने तो बांधला असणार. मला रडू आलं. तरी म्हणालो, "माय, मी बापूनी घागर भराले उनू" (बापूंची घागर भरायला आलो).

घरातून नाना, माझे काका, बाहेर आले. "घागर आंडोर भरस," ते म्हणाले (घागर मुलगा भरतो). "आंडेरना हात चालत नही" (मुलीचा हात चालत नाही). त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

आईने मान खाली घातली. चुलतभावाने घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं आणि बापूंचं नाव घेऊन विस्तवावर घास टाकला. मी अंगणात उभा होतो. नंतर खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पुढे आला. चव चांगली असावी, सगळे मागून मागून खात होते.

दुपारी पारावर पत्ते रंगले. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर पानं खाली ठेवून सगळे माझ्या जाण्याची वाट बघू लागले. मुली झोके घेत होत्या त्या लिंबाखाली गेलो, तर त्यांनी आवरतं घेतलं. इतकं माझं गाव, आणि टेकायला जागा नाही. आमच्या दारातला झोका दिवसभर रिकामाच राहिला. बसलो असतो तर आई हसली असती; पण मग दिनकर कुठे गेला असता?

दुसऱ्या दिवशी आई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस लांबून दिसली तेव्हा तिने विचारलं, "पुढली अखाजीले झोका बांधू का नको?"

सगळ्या गावात माझी वाट पाहणारी तेवढीच एक गोष्ट होती. मी म्हणालो, "नको बांधू, माय."

"बरं," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून वळली.

परतीच्या गाडीत मी तो एक शब्द घोळवत बसलो. तिने मला मुलगा म्हणून पत्करलं, की मुलगी म्हणून गमावलं? सुरत आली तरी मला ते ठरवता आलं नाही.