पठारावरची मुकी

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याजवळच्या एका पठारावर नव्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, आणि बाबा तिथं देखभालीला होते. बघायला आलेले लोक म्हणायचे, पुढचं जग असंच असणार. त्या पुढच्या जगात माझ्या वयाचं एकही पोर नव्हतं. शाळेतून जीपनं वर आले, की वारा, गरगरणारी पाती आणि मी.

एकदा फोन वाजला. राँग नंबर. सांगलीच्या हळदीच्या पेठेतली वैशाली, माझ्याएवढीच. "चुकून लागला गं," म्हणाली आणि बोलतच बसली! मग तिचे वडील जेवायला गेले, की त्यांच्या दुकानातून रोज तिचा फोन. केवढं हसायचो आम्ही!

आणि मी — कसं सांगू? — थापा मारायचे. आमच्या कॉलनीत ढीगभर मैत्रिणी आहेत. दारं आपोआप उघडतात. कॉम्प्युटर आम्हाला गाणी शिकवतो. तिला सगळं खरं वाटायचं.

एका दुपारी मामाच्या टेम्पोत बसून ती थेट वर आली. मामा सिमेंट उतरवायला पलीकडं गेला. फाटकाशी मी एकटी, मागं आमचं पत्र्याचं घर.

"शुभांगी कुठं राहती गं?"

शुभांगी मीच. पण तोंड उघडलं असतं, तर तिनं आवाज ओळखला असता. मी ओठांवर बोट ठेवलं, नकारार्थी हात हलवला. मग टेकाडापलीकडं खूण केली आणि पुन्हा हात हलवला — ती घरी नाही.

"बोलता येत न्हाई व्हय तुला?" असं म्हणून तिनं पुड्यातलं भडंग माझ्या ओंजळीत ओतलं. शुभांगीसाठी आणलेलं.

पात्यांच्या सावल्या गवतावरून पळत होत्या. सावली अंगावर यायच्या आत उडी मारायची — खेळ तिनंच काढला. पडलो, लोळलो, पुन्हा उठलो. इतकी खूश मी त्याआधी कधी नव्हते — फक्त हसू तोंडात दाबून धरलेलं. हॉर्न वाजला, ती निघाली. तेव्हा तरी एक शब्द बोलायचा की नाही? नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी फोन. "कुठं गेलतीस? मी आलते!"

"साताऱ्याला," मी म्हणाले.

"तुमच्यात ती मुकी पोरगी हाय न्हवं, लय गोड हाय बघ. एवढ्या जणी तुमी, तिला खेळायला घेत न्हाईसा व्हय? घेत जावा गं."

"घेऊ," मी म्हणाले.

पुढं बाबांची बदली होईपर्यंत वैशाली रोज आधी तिची चौकशी करायची. आणि मी सांगायचे — आज ती आमच्यात खेळली. खूप हसली.