आलापल्लीच्या तंबूतला खटका

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. म्हणून हे लिहितानाही स्वतःचाच राग येतोय. मी मुलाकडे ऊर्जानगरला राहतो. वीजघर हाकेच्या अंतरावर, तरी लाइट जातेच! मग नातवाच्या कॉम्प्युटरखालचा यूपीएस कोकलायला लागतो आणि माझं डोकं फिरतं... तेव्हा असं काही असतं तर माझी नोकरी गेली नसती.

पन्नासच्या दशकात मी तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर होतो. त्या हिवाळ्यात आमचा तंबू आलापल्लीला, सागवानाच्या डेपोमागे लागला होता. वीज आमच्याच इंजिनाची, आणि इंजिन महाखोडील. चालता चालता एकदम वेग वाढून भडकायचं, आचके द्यायचं, बंद पडायचं. त्या झटक्यात ॲम्प्लिफायर जळू नये म्हणून आमचा नियम होता — इंजिनाचा आवाज बदलला की आधी मेन खटक्याची दांडी खाली ओढून वीज तोडायची, मग इंजिनवाल्याला शिव्या द्यायच्या.

पण तिथे भलतंच सुरू झालं. इंजिन सुरळीत चालू असताना दांडी आपोआप खाली यायची. पडदा काळा, पब्लिकचा गोंगाट... मी ती वर करायला हात घालतो न घालतो तोच इंजिन भडकायचं! मशीन वाचायचं. दांडी इतकी घट्ट की मलाही जोर लावावा लागे, आणि केबिनमध्ये मी एकटा.

मालकांना सांगून काही उपयोग झाला नाही. त्यांच्या मते मी डुलक्या घेत होतो. शेवटी ते स्वतः आले आणि तारेने दांडी वर बांधू लागले.

"मालक, बांधू नका. इंजिन भडकलं तं मले सोडवाले वेळ नाई भेटणार."

"आता पाहू कशी पडते. तू पिच्चर दाखव."

त्याच खेळात, गाणं चालू असताना दांडी थरथरली. तार ताणली, करकरली... मी पक्कड घेऊन झटलो, बोटं कापून घेतली, पण तार सुटेना. तेवढ्यात इंजिन भडकलं आणि ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला.

तार कापली तेव्हा ती जाड पितळी दांडी खालच्या बाजूला वाकलेली होती. मालक म्हणाले, तूच वाकवली. आणि मला काढून टाकलं.

कोण होतं, कशासाठी होतं, आजही सांगता येत नाही. हा यूपीएस लाइट गेल्यावर बोंबलतो. तंबूत जे कोणी होतं, त्याला आधीच कळायचं. माझी नोकरी वाचवायला ते धडपडत होतं — आणि आम्ही त्याचेच हात बांधले.