गालांची हळद

दिग्रसला आमच्या गल्लीत ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई कुणाचं ऐकून घेत नाहीत. फेशियलनंतर गालांची आग होते म्हटलं, तर विचारतात, "घरी जाऊन काय थापलं तोंडाले?" चूक नेहमी गिऱ्हाइकाची.

माझ्या पुतणीनं हळदीच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या डॉक्टरकडून गालांत फिलर भरून घेतलं. मी तिला फेशियलला नेलं, तेव्हा तिला ते सांगावंच लागलं. बाईंनी हात मागे घेतले. "आत्ताच कायले गेलती वं?" मग मला समजावलं, की सुईनं कातडीखाली जेल सोडतात, ते पाणी धरून ठेवतं आणि बसका गाल वर येतो. पण ते नीट बसेपर्यंत गाल दाबायचे नाहीत, नाहीतर जेल सरकतं.

आमच्याकडे हळद लावत नाहीत, चोळतात. सासरच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. नवऱ्यामुलाची आत्या दोन्ही हात भरून पुढे झाली. पुतणी कावरीबावरी झाली. सासरी हे कळू द्यायचं नव्हतं.

नवरीला तयार करायला आलेल्या पार्लरच्या बाई मध्ये आल्या. "गालाले हात लावू नका, आत्याबाई. माह्या फेशियलनं आग होऊन राह्यली तिची. माहीच चूक झाली."

"मंग पार्लर कायले चालवता? आमच्या पोरी नाही पाठवत आता तुमच्याकडे!" सगळ्या मांडवानं ऐकलं.

"नका पाठवू," बाई म्हणाल्या आणि वाटी घेऊन पुतणीच्या पायांना हळद लावायला बसल्या.