मुहूर्तावर उरकलेलं बाथरूम

निवृत्त पोलिसाला लोक लग्नात गाठतात, बारशाला गाठतात आणि विचारतात, "साहेब, एखादी जबरदस्त केस सांगा की." त्यांना खून हवा असतो, निदान दरोडा तरी. मी चहा पितो आणि विषय बदलतो. कारण इतक्या वर्षांच्या नोकरीतली जी केस अजून मनातून जात नाही, ती एका बाथरूमची आहे. आता हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

माझी शेवटची नेमणूक बडोद्यातच होती आणि कारेलीबागेतल्या बऱ्याच सोसायट्या आमच्या हद्दीत येत. सकाळची हजेरी झाली, रात्रीच्या गस्तीचा अहवाल पाहिला, की अर्जदारांची रांग सुरू. एके दिवशी एकाच सोसायटीतले पाचजण आले. चार पुरुष पुढे आणि एक बाई मागे, बाकावर. पाचही जणांनी एकाच कॉन्ट्रॅक्टरकडून घराचं नूतनीकरण करून घेतलं होतं. कोणाच्या टाइल्स पोकळ वाजत होत्या, कोणाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती, कोणाच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात टपकत होतं. फोन केला की कॉन्ट्रॅक्टर म्हणे, "काले माणूस मोकलतो," म्हणजे उद्या पाठवतो. तो माणूस काही उगवत नव्हता.

"साहेब, एने अंदर करो," चौघांपैकी एकजण टेबलावर हात आपटून म्हणाला.

असल्या तक्रारीला पोलीस ठाण्यात एकच उत्तर असतं. हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. वाईट काम करणं हा गुन्हा नाही. तसं असतं तर अर्धं शहर आत बसलं असतं. मीही तेच सांगणार होतो. पण ती बाई अजून काही बोललीच नव्हती.

"बाई, तुमचं काय?" मी विचारलं.

त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. मराठीच. हळू आवाजात म्हणाल्या, "यांना पक्षघात झाला. उजवी बाजू गेली. यांना स्वतःचं स्वतः आंघोळ करता यावी म्हणून बाथरूम तोडून नवं केलं. उंबरा काढला, भिंतीला धरायला दांडे लावले. पहिल्याच दिवशी यांनी दांडा धरला आणि तो टाइलसकट हातात आला. पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पाणीही मोरीकडे न जाता खोलीत येतं. आता ते मुलीकडे आहेत, मकरपुऱ्याला."

"मग तिथे बरे आहेत ना?"

"मुलगी आंघोळ घालते त्यांना," बाई म्हणाल्या. "बापाला. तेव्हापासून ते कोणाशी बोलत नाहीत."

मी अर्ज ठेवून घेतला.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. आला तो इस्त्रीचे कपडे घालून, कपाळाला गंध, तोंडात "जय श्री कृष्ण साहेब." असा माणूस ठाण्यात आला की मी जरा सावध होतो. ज्याला खरंच काही माहीत नसतं, तो घाबरून येतो. हा मात्र तयारी करून आला होता. मी काही विचारायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला.

"हे बघा साहेब. काम वाईट असतं तर यांनी माझा सत्कार केला असता का?"

पाचही घरांचे फोटो होते. नूतनीकरण झालं की घरोघरी वास्तुशांत झाली होती, आणि प्रत्येक ठिकाणी यजमान कॉन्ट्रॅक्टरच्या खांद्यावर शाल घालून नारळ देत होते. बाईंच्या घरच्या फोटोत त्यांचे यजमान खुर्चीत बसून डाव्या हाताने त्याला पेढा देत होते.

"आणि घाई यांनीच केली," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, थांबा, सुकू द्या. पण मुहूर्त गाठायचा म्हणून माझ्या मागे लागले. विचारा त्यांना."

विचारलं. पाचही जणांनी मान खाली घातली. खरंच होतं ते. गुरुजींनी सांगितलं होतं की हा दिवस गेला तर पुढे कित्येक महिने योग नाही, म्हणून त्यांनीच कॉन्ट्रॅक्टरला हातापाया पडून काम उरकायला लावलं होतं. पूजेच्या दिवशी घरात कोणाचं देणं राहू नये म्हणून सगळा हिशेबही चुकता केला होता. आपल्याच घाईने घर बिघडलं, असं त्यांना मनातून वाटत होतं. म्हणूनच इतके दिवस तक्रारही केली नव्हती.

वरिष्ठ म्हणाले, "झालं तर मग. अर्ज निकाली काढा."

पण मला ते फोटो सोडेनात. मी ते पुन्हा मागवून पाहिले. घरं वेगळी, यजमान वेगळे, शालीही वेगळ्या. मागे पाटावर बसलेले गुरुजी मात्र पाचही ठिकाणी एकच. कारेलीबागेत काय गुरुजींचा दुष्काळ आहे? आपली मंडळी गुरुजींच्या बाबतीत फार हट्टी असतात. आजोबांपासून ठरलेलं घर सोडून दुसऱ्याला बोलावत नाहीत. पाच कुटुंबांनी एकाच अनोळखी माणसाला कसं बोलावलं? चौकशी केली तर पाचही जण म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरनेच आणले होते.

गुरुजी नागरवाड्यात राहत. मी गणवेश न घालता गेलो. वयस्कर माणूस, घरात दोनच खोल्या. पाणी दिलं, मग चहा. मी फोटो समोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"मुहूर्त खोटा नव्हता हो," ते स्वतःहूनच म्हणाले. "पंचांगात होताच तो."

"आणि पुढे?"

"पुढेही होते."

"ते का नाही सांगितलेत?"

त्यांनी चष्मा काढून फोटोंवर ठेवला. "तो तारीख सांगायचा. म्हणायचा, एवढीच सांगा, पुढची नको. अहो, हल्ली पूजा कोण बोलावतं? तो दर महिन्याला एक घर द्यायचा." मग म्हणाले, "त्या मास्तरीणबाईंच्या घरी मी जेवलोसुद्धा. त्यांनी मला पुरणपोळी बांधून दिली."

त्यांचा जबाब घेतला. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो. कीव आली, आणि कंटाळाही आला. आयुष्यभर हेच पाहत आलो. मोठी फसवणूक उभी राहते ती अशाच लहान लहान गरजवंतांच्या खांद्यावर.

आता मामला दिवाणी राहिला नव्हता. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता, हे सांगणारा साक्षीदार हाती आला होता. कॉन्ट्रॅक्टरला घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. नळ सोडला, बादली भरली आणि त्यालाच ओतायला सांगितली. पाणी मोरीकडे ढुंकूनही न बघता सरळ खोलीत, त्याच्या बुटांपर्यंत आलं. मग मी गुरुजींचं नाव घेतलं. त्याने रिकामी बादली खाली ठेवली.

"टाइल्सच्या खाली पाणी अडवायचा थर दिलास?"

"ना, साहेब."

"पाणी भरून ठेवून तपासलंस?"

"त्याला दिवस लागतात. पुढचं काम ठरलेलं असायचं. मुहूर्त सांगितला की लोक स्वतःच घाई करतात, मग माझ्यावर येत नाही."

गुन्हा नोंदवायची तयारी झाली. चौघे खूश. मी बाईंना मात्र सगळं स्पष्ट सांगितलं. तुमच्याकडे माणूस पडलाय, तुमचा अर्ज सगळ्यांत भक्कम आहे. पण गुन्हा दाखल झाला की हे बाथरूम पुरावा होणार. पंचनामा, तज्ज्ञाचा अहवाल, मग कोर्टाची परवानगी. तोवर याला हात लावता येणार नाही.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही, बाई."

कॉन्ट्रॅक्टरही सगळ्यांत जास्त घाबरला होता तो बाईंच्याच अर्जाला. त्याच्या वकिलाने निरोप पाठवला, अर्ज मागे घ्या, बाथरूम मुळापासून करून देतो. चौघांनी बाईंना खूप समजावलं, मग रागावले, मग टोमणे मारले. तुमच्यामुळे तो सुटेल, म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

बाई ठाण्यात आल्या. "साहेब, तुम्ही काय केलं असतं?"

एवढी वर्षं खाकी घातली, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कलमात नव्हतं. मी म्हटलं, "मी पोलीस आहे बाई, मी अर्ज ठेवला असता. पण माझे वडील असते तर..." त्यांनी अर्ज मागे घेतला.

बाथरूम पुन्हा झालं. या वेळी थर दिला, सुकू दिला, पाणी भरून ठेवलं. ड्यूटीवरून जाताना मी वाकडी वाट करून डोकावत असे. बाईंनी मुहूर्त काही काढला नाही.

चौघांची केस अजून चालू आहे. निवृत्तीनंतरही मी साक्षीला जातो. गुरुजींना कोर्टात काही आठवेना. तारखा पडतात. मागच्या खेपेला चौघांपैकी एकजण मला कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "साहेब, आमचं बाथरूम हजी, अजून गळतं." कायदा त्यांच्या बाजूने आहे, आणि पाणी अजून खालच्या घरात टपकतंय. या केसने मला शिकवलं असेल तर एवढंच, की शिक्षा देता येणं आणि माणसाचं गेलेलं परत देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसाला पहिलीच जेमतेम जमते.

काम झाल्यावर काही दिवसांनी बाईंनी चहाला बोलावलं. यजमान घरी आले होते. मी गेलो तेव्हा बाई बाथरूमच्या बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या, कान आतल्या आवाजाकडे. आत तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता, थांबत थांबत.

"एकटेच आहेत?" मी विचारलं.

बाईंनी मान डोलावली. मी म्हटलं, दार नुसतं लोटून ठेवायला सांगा, पुन्हा काही झालं तर?

"सांगितलं मी," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकलं नाही. आज त्यांनी आतून कडी लावलीय, साहेब."